वस्तादांचा एक झटका आणि लायसन्सचा प्रश्न

फिजिओ_मिरज
सगळ्या ग्रुपांवर फिरणारी ती पोस्ट अखेर माझ्यापर्यंतही आली. गावच्या कबड्डी स्पर्धेत पोराचा खांदा निखळला, वस्तादांनी एका झटक्यात बसवला, पोरगं पुढच्या चढाईला हजर. खाली शेरा : "डिग्रीवाल्यांनी शिकावं." शिकते की! हाडाचा टवका उडालाय का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. खांद्याजवळची नस दुखावली तर हात बाजूला उचलता येत नाही. आणि ती आधी तपासलीच नसेल, तर पकडीत गेली की झटक्यात, हे नंतर ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. वर त्याच रात्री पुन्हा चढाई? विशीच्या आतला खांदा एकदा निखळला की परत निखळायला टपलेलाच असतो. मीसुद्धा मैदानावर खांदा बसवत नाही. नाडी बघायची, झोळी बांधायची, दवाखान्यात पाठवायचं. माझी हद्द तिथे संपते. एवढ्यासाठी मला साडेचार वर्षांचं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करावी लागली आणि राज्य परिषदेची नोंदणी लागते. स्प्रे घेऊन मॅटवर धावणाऱ्याला काय लागतं? ट्रॅकसूट.

तालीम_कागल
मॅडम, तुमचं सगळं खरं. आता रात्री साडेअकराला, उपांत्य सामना चालू असताना आमच्या गावात एक फिजिओ आणून दाखवा. एकांना विचारलं होतं. त्यांनी जो आकडा सांगितला, तेवढं आमचं तिसरं बक्षीस आहे. एक्स-रे तालुक्याला, तोही रात्री बंद. तवर पोरगं बोंबलत बसू दे? आमच्या वस्तादांनी उभा जन्म हाडं बसवली, एकाचा हात वाकडा नाही.

फिजिओ_मिरज
वाकडे झालेले वस्तादांना दाखवायला परत जात नाहीत हो. आमच्याकडे येतात.

हाडांचा_डॉक्टर
वस्तादांबद्दल सहमत. पण दुसऱ्याला हद्द शिकवणाऱ्यांनी आधी आपल्या पाटीवरचं 'डॉ.' उतरवावं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने हेच लिहिलं होतं. माझ्याकडे एक फुटबॉल खेळणारा मुलगा आला. कित्येक महिने 'डॉक्टरांकडे' गुडघ्याचे व्यायाम करत होता. लिगामेंट पार फाटलेलं. घरच्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ऑर्थोपेडिकलाच दाखवतोय.

बीपीटीएच_नागपूर
ते पत्र लगेच मागेही घेतलं गेलं, हे सोयीस्कर विसरलात. फिजिओंचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात नावाआधी 'डॉ.' आणि नावामागे 'पीटी', म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आहे, वाचा एकदा. आणि हद्दीची एवढी काळजी असेल तर होमिओपॅथने सीसीएमपी हा एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची, त्यावर बोला.

हाडांचा_डॉक्टर
त्यावर बोललो नाही? १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यभर संप केला तो कशासाठी होता, पिकनिकसाठी?

बीपीटीएच_नागपूर
संपाच्या दिवशी तुमचे पेशंट कोणी सांभाळले, तेही सांगा.

हाडांचा_डॉक्टर
'पीटी' म्हणजे काय हे दहा पेशंटांना विचारा. शाळेतली कवायत सांगतील. पाटी वाचून फसतो तो पेशंट, तुमचा अभ्यासक्रम वाचून कोणी येत नाही.

बीपीटीएच_नागपूर
इतिहासात पीएचडी केलेले डॉ. लावतात तेव्हा त्यांच्याकडे कोणी गुडघा दाखवायला जात नाही. तुमचं दुखणं पेशंटचं नाही, रुबाबाचं आहे.

कट्ट्यावरचा_काका
विषय कबड्डीचा होता ना? पोरगं अजून मॅटवर पडलंय आणि हे दोघं पाटीवर भांडतायत.

फ्रीमाँटकर
अमेरिकेत या कामासाठी वेगळाच माणूस असतो, अ‍ॅथलेटिक ट्रेनर. तो ना फिजिओ, ना जिमवाला. आता मास्टर्स लागतं, राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. टेक्ससने तर १९७१ मध्येच ते आणलं. २ जानेवारी २०२३ ला बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या डामार हॅमलिनचं हृदय मैदानातच थांबलं, तेव्हा सीपीआर देणारा संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनरच होता. पण आमचं कॅलिफोर्निया बघा. इथे लायसन्सच नाही. 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' हे नाव कोणी लावायचं, निदान एवढं तरी ठरवणारं विधेयक २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी विधिमंडळातून पास झालं आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला. एवढी बंधनं लागतात याचा पुरेसा पुरावा नाही म्हणाले. लायसन्सला विरोध करणाऱ्यांत फिजिओंची संघटनाही होती. माझी मुलगी शाळेकडून सॉकर खेळते. बाजूला बॅग घेऊन उभा असलेला माणूस कोण, हे मलाच विचारून घ्यावं लागलं.

तालीम_कागल
म्हणजे तिकडेही फिजिओच आडवे आले. वा.

फिजिओ_मिरज
आले असतील, चूकच केली. पण आपल्याकडे आडवं यायला आधी काही उभं तर पाहिजे. आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत फिजिओ आहे, आहारतज्ज्ञ आहे. जिम ट्रेनर नाही, तुमचा स्प्रेवालाही नाही. त्याची नोंद कुठेच नाही, त्यामुळे त्याची चूकही कुठे नोंदली जात नाही.

तालीम_कागल
बरं बाई, जिंकलात. यापुढे खांद्याला झटका नाही, आणि खांदा निखळलेलं पोरगं त्या दिवशी परत मॅटवर नाही. वस्तादांना सांगायला मात्र तुम्हीच या, माझ्यात तेवढी छाती नाही. शिवजयंतीला स्पर्धा आहे. दोन रात्री थांबा, जेवण आमच्याकडे.

फिजिओ_मिरज
आणि मानधन?

तालीम_कागल
तांबड्या-पांढऱ्याचं जेवण म्हणतोय मी.

बीपीटीएच_नागपूर
हेच! एमबीबीएसला पाकीट आणि फिजिओला रस्सा.

हाडांचा_डॉक्टर
आम्हाला तर रस्साही विचारला नाही.