टॉवरवरून काढलेला १५ केव्हीएचा जनरेटर: जोडण्यापूर्वी कोणत्या चाचण्या कराव्यात?

खाडीपलीकडे (गुहागर)
नमस्कार. मोबाइल टॉवरवरून काढलेला, तीन फेजचा १५ केव्हीए डिझेल जनरेटर आम्ही एका व्यापाऱ्याकडे पसंत करून अनामत दिली आहे. निसर्ग चक्रीवादळानंतर, म्हणजे जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडील गावे कित्येक दिवस अंधारात होती; तेव्हापासून केवळ इन्व्हर्टरवर विसंबणे पटत नाही. विहिरीवरील तीन अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप, मासळीचे दोन डीप फ्रीझर आणि पाहुण्यांच्या खोल्यांतील दिवे-पंखे एवढे त्यावर चालवायचे आहे. व्यापाऱ्याने तो आमच्यासमोर थोडा वेळ चालवून दाखवला, व्होल्टमीटरचा काटा २३० वर स्थिर होता. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

मेगरवाला
ठेवू नये. रिकामा ट्रक सपाटीवर फिरवून कुंभार्ली घाटाची परीक्षा होत नाही.

टॉवरवरील जनरेटर अनेकदा क्षमतेच्या मानाने फारच कमी भारावर चाललेले असतात. त्यामुळे सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि न जळलेले इंधन काजळीसह सायलेन्सरच्या जोडातून काळ्या, तेलकट ओघळाच्या रूपाने बाहेर येते. तो ओघळ आधी पाहा. टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर होऊ द्या. खाली पाणी किंवा चिकट गाळ दिसला, तर टाकी धुऊन फिल्टर बदलावेत आणि मगच हातपंपाने लाइनमधील हवा काढावी. ऑइल, कूलंट, बॅटरी कोणताही मिस्त्री पाहील.

माझ्या मते खरी भीती अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाची आहे, कारण खारी दमट हवा वाइंडिंगमध्ये (आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांत) मुरते. एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या सर्किटच्या) तारा व न्यूट्रलची अर्थिंग सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध मोजावा. तो एक मेगाओमपेक्षा कमी असल्यास यंत्र सुरू करू नये. अल्टरनेटर झाकून आत जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे बल्ब लावून ठेवले, तर वाइंडिंग सुकते आणि आकडा वर येतो.

वर्कशॉप_चिपळूण
यानंतर भार चाचणी. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीच्या प्रमाणाने) १२ किलोवॅट. पाण्याच्या पिंपांत प्रत्येकी दोन किलोवॅटचे सहा हीटर, प्रत्येक फेजवर दोन, असे सोडले की पूर्ण भार मिळतो. हीटर नेहमी बुडालेले असावेत, धातूची पिंपे अर्थ केलेली असावीत आणि यंत्र चालू असताना पाण्याला कोणी हात लावू नये.

भार टप्प्याटप्प्याने चढवून शेवटी पूर्ण भारावर तासभर तरी चालवा. भाराशिवाय ५२ हर्ट्झच्या आसपास असलेली वारंवारता पूर्ण भारावर ५० च्या जवळ राहिली पाहिजे. ती बरीच खाली गेल्यास गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) किंवा इंधनपुरवठा तपासावा, आणि वारंवारता स्थिर असूनही व्होल्टेज ढासळल्यास एव्हीआरवर संशय घ्यावा. सुरुवातीचा काळा धूर इंजिन तापल्यावर विरळ झाला तर काजळीच जळत होती असे समजा, पण निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल खात आहे. अशा वेळी सौदा मोडावा हे बरे.

पंपाचा चालू प्रवाह पाचेक अँपिअर असला, तरी थेट सुरू होताना तो सहापट होतो आणि या जनरेटरची मर्यादा दर फेजला सुमारे २१ अँपिअर आहे. म्हणून पंप आधी, फ्रीझर नंतर, एकेक करून सुरू करावेत.

जांभा_चिरा
वायरिंगला जोडताना न्यूट्रलही तोडणारा चार पोलचा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) परवानाधारक ठेकेदाराकडूनच बसवून घ्या. प्लगमधून उलटा पुरवठा दिल्यास रोहित्रातून ११ हजार व्होल्ट लाइनवर जातात आणि खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरतो. जांभ्यातील अर्थिंग पावसाळ्यात उत्तम वाटते, त्यामुळे तिचा रोध मे महिन्यात मोजावा. धुराचा पाइप मात्र पाहुण्यांच्या खिडक्यांपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून काढावा.

खाडीपलीकडे (गुहागर)
आभारी आहे. ओघळ आहे, आज पाहिला. मेगर आणि पूर्ण भाराची चाचणी झाल्यावरच उरलेली रक्कम द्यायची, असे व्यापाऱ्याने मान्य केले आहे. हीटर मात्र आम्हीच आणायचे.