मदत हवी आहे: फ्रान्समध्ये सोन नदीवर छोटी मोटरबोट चालवायचे नियम

रानजाई:

नमस्कार मंडळी,

आम्ही माकोंला राहतो, लिओंच्या उत्तरेला, सोन नदीच्या अगदी काठावर. नवऱ्याचे एक सहकारी त्यांची ॲल्युमिनियमची होडी विकतायत. लांबी ४.२० मीटर, सध्या तुर्न्यूला (नदीच्या वरच्या अंगाला, सोनच्याच काठी) ठेवलेली आहे. त्यांच्याकडे दोन आउटबोर्ड मोटरी आहेत, एक ५ हॉर्सपॉवरची जुनी आणि एक ८ची बऱ्यापैकी नवी. दोन्हींतली कुठलीही एक घ्या म्हणतायत.

होडी घ्यायचं मुख्य कारण माझे सासरे. ते देवगडचे, सगळं आयुष्य मासेमारीत गेलं. उन्हाळ्यात इकडे येणार आहेत. मागच्या वेळी आले तेव्हा दिवसभर खिडकीत बसून नदी बघायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक होडीच्या मोटरीचा आवाज ऐकून ती कशी चालतेय ते सांगायचे. या वेळी त्यांना पाण्यावर न्यायचंच असं मी ठरवलंय, आणि सुकाणू त्यांच्याच हातात द्यायचं आहे.

आता अडचणी. इथे लायसन्स लागतं का? बाबांकडे भारतातले होडीचे कागद आहेत, ते चालतील का? व्हीएनएफचा (इथले जलमार्ग सांभाळणारी सरकारी संस्था) स्टिकर घ्यावा लागतो असं एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला नाही लागत. आणि लॉकमधून (पाण्याची पातळी बदलते तिथे होडी वर-खाली करणारा दरवाजांचा हौद) जायची मला मनापासून भीती वाटते. तुर्न्यूहून होडी पाण्यातूनच घरी आणायचा विचार आहे. कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

सुकाणू:

रानजाई ताई, मी शालोंला राहतो आणि माझ्याकडे इथलं नदीचं लायसन्स आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

५ची मोटर घ्या. फ्रान्सच्या नद्या-कालव्यांवर मोटरची ताकद ४.५ किलोवॅटच्या, म्हणजे ६ हॉर्सपॉवरच्या वर गेली की 'पेर्मी प्लेझांस', म्हणजे हौशी होडीचं लायसन्स लागतं, त्यातला अंतर्गत जलमार्गांचा प्रकार. त्याच्या आत असेल तर कोणालाच लायसन्स लागत नाही. त्यामुळे बाबांचे कागद चालतील का हा प्रश्नच उरत नाही. ८ची घेतलीत तर मात्र ते कागद दाखवून भागेल असं धरून चालू नका, इथलं लायसन्स काढावं लागेल. त्याला ४० प्रश्नांची लेखी परीक्षा असते, जास्तीत जास्त ५ चुका चालतात, आणि सगळं फ्रेंचमध्ये. शिवाय बोट-स्कूलमध्ये प्रत्यक्ष चालवून दाखवायचं. तुमच्या यजमानांनी पुढे जरूर करावं, पण या उन्हाळ्यासाठी तो खटाटोप नको.

"८ची घ्या आणि हळू चालवा, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नियम मोटरच्या ताकदीवर आहे, वेगावर नाही. मोटरीवरच्या पाटीवर किलोवॅटचा आकडा असतो, तो स्वतः वाचून घ्या. होडीवरही सीईची, म्हणजे युरोपीय मानकांची, पाटी असेल तर बघा. किती माणसं, किती वजन, केवढी मोटर, सगळं त्यावर लिहिलेलं असतं.

स्टिकरबद्दल दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. होडी ५ मीटरहून लांब असेल किंवा मोटर ९.९ हॉर्सपॉवर वा त्याहून मोठी असेल तर व्हीएनएफचा टोल भरावा लागतो, तोच हा स्टिकर. तुमची दोन्हींत बसत नाही, तेव्हा नको. विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा तरी घ्याच. घराच्या विम्यात मोटरबोट येते असं गृहीत धरू नका.

आता तुमची भीती. ओर्मचं लॉक तुर्न्यूच्या वर आहे आणि द्रासेचं माकोंच्या खाली. मधल्या पट्ट्यात, म्हणजे तुमच्या वाटेवर, एकही लॉक नाही! तीसेक किलोमीटर सरळ मोकळं पाणी.

पाणकोंबडी:

सुकाणू यांच्याशी सहमत, पण माझं मत विचाराल तर विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने विनालायसन्सची छोटी बोट घेऊन बघा. नदी काठावरून दिसते तशी पाण्यातून दिसत नाही. सोनवर १०० मीटरहून लांब क्रूझ जहाजं आणि मालवाहू बार्जेस चालतात. आपली २० मीटरच्या आतली होडी, तेव्हा वाट आपणच द्यायची, शिडाची असो की मोटरची. त्यांच्या नाकासमोरून ओलांडायला जाऊ नका, त्यांना थांबायला फार जागा लागते आणि पुढचं पाणी त्यांना दिसतही नाही.

दर्यावर्दी:

मी मालवणचा. बाबांना होडी शिकवायची गरज नाही, पण नदीच्या खुणा मात्र आधी दाखवा. खाडीत आपण भरती-ओहोटी बघून जातो, तिथे पाट्या बघून जायचं. लाल पाटीवर आडवा पांढरा पट्टा असेल तर प्रवेश बंद. पुलाच्या कमानीवर पिवळा चौकोन कोनावर उभा केलेला दिसेल. एक असेल तर त्या कमानीतून जावं, पण समोरूनही कोणी येऊ शकतं. दोन असतील तर समोरून येणाऱ्यांना तिथे बंदी.

सुकाणू:

दर्यावर्दी दादांनी नेमकं सांगितलं. माकोंचा सेंट लॉरांचा जुना दगडी पूल हेच दुखणं आहे, कमानी पुष्कळ आहेत. उजव्या बाजूने चाला, आणि प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्याला अग्रक्रम असतो हे लक्षात ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी व्हीएनएफच्या सूचना वाचा. त्यांना 'आव्ही आ ला बातेल्री' म्हणतात. पूर, दुरुस्ती, वल्हवण्याच्या शर्यतीसाठी नदी बंद, सगळं त्यात येतं. उन्हाळ्यात सोन अगदी संथ असते, पण जोराच्या पावसानंतर ५च्या मोटरीने निघू नका. आणि लिओंला सोन जिला मिळते त्या ऱ्होन नदीत तर या मोटरीने शिरूच नका.

रानजाई:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ५ची घ्यायचं नक्की केलं. बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "लॉक म्हणजे काय ता माका दाखव." त्यांना ते बघायचंच आहे. जवळपास सोपं लॉक कुठलं? आणि मधेच मोटर बंद पडली तर काय करायचं? बाबांना फ्रेंच येत नाही, माझंही जेमतेम.

सुकाणू:

मग सेय नदीत जा. तुर्न्यूच्या थोडं खाली डाव्या काठाला ती सोनला मिळते. संगमाजवळच्या ला त्र्युशेरपासून वर लुआं गावापर्यंत ३९ किलोमीटर, ४ लॉक, दोन्ही काठांना झाडी, मोठी जहाजं नाहीत. पहिलं लॉक ला त्र्युशेरलाच. आत शिरलात की मोटर बंद करायची. दोर खुंट्याला बांधायचा नाही, नुसता वेढा टाकून टोक हातात धरायचं. पाणी उतरायला लागलं की दोर सोडत जायचा. बांधून ठेवलेली होडी पाणी खाली गेल्यावर दोरावर लोंबकळते आणि कलंडते. उतरताना मागच्या दरवाजापासून लांब राहा, तिथे पाण्याखाली उंबरठा असतो. बाबांच्या हातात दोर द्या, त्यांना सांगावं लागणार नाही.

सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट, वल्ही, पाणी उपसायला डबा, नांगर, लांब दोर आणि आग विझवायचा सिलिंडर होडीत ठेवा. जॅकेट बाबा नको म्हणतील, तरी घालायला लावा.

मोटर बंद पडली तर आधी वल्ह्यांनी कडेला या आणि नांगर टाका, जहाजांच्या वाटेत थांबू नका. बंधाऱ्याच्या बाजूला तर वाहत जाऊच देऊ नका. मग ११२ला फोन. काठावर 'पे-का'च्या पाट्या असतात, लिओंपासून मोजलेले किलोमीटर. माकों साधारण ८०, तुर्न्यू ११२. शेवटी दिसलेला आकडा आणि कुठला काठ, 'रीव द्र्वात' म्हणजे उजवा आणि 'रीव गोश' म्हणजे डावा, एवढं सांगितलंत तरी ते पोहोचतात. काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरायचा. एका पुठ्ठ्यावर हे फ्रेंचमध्ये लिहून होडीत चिकटवून ठेवा. मजकूर हवा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लिहून देतो.