जेट्टीला लागून सर्फिंग करतं का कोणी? वेंगुर्ला साइड

पुणेरी_बोर्ड:
मंडळी, कर्नाटकात मुलकीला जाऊन सर्फिंगचा बेसिक कोर्स केलाय, फेसाच्या पाण्यात बऱ्यापैकी उभा राहतो. मे महिन्यात मामाकडे येतोय वेंगुर्ल्याच्या बाजूला, आणि तिथे जेट्टीशेजारी जी लाट फुटते ती बघून राहवत नाहीये, म्हणजे बाकी किनाऱ्यावर अख्खी लाट एकदम धाडकन पडते पण जेट्टीजवळ एका कडेने फुटत फुटत जाते. सुट्टीत तिथे बोर्डवाली पोरं असतातच, वर आंघोळीची गर्दी. पण गरवायला बसलेले काका लोक ओरडतात म्हणे. वेळ कुठली धरू? आठ फुटी सॉफ्टटॉप (मऊ फोमचा बोर्ड) आहे.

खारा_वारा:
लाट तिथे चांगली का फुटते ते आधी समजून घे. किनाऱ्याने वाहत जाणारी वाळू जेट्टीला अडते, तिथे उंचवटा तयार होतो, त्यावर लाट कडेने मोडते. पण लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि ती वाट नेमकी जेट्टीच्या कडेकडेने असते, म्हणजे ओढ तिथेच. मुरलेले सर्फर त्याच ओढीवरून फुकटात आत जातात, नवीन माणूस मात्र त्यातच घाबरून किनाऱ्याकडे हात मारत बसतो आणि दमतो. ओढ लागली तर बोर्ड सोडू नको, जेट्टीपासून लांब, किनाऱ्याला समांतर हात मार, मग लाटेबरोबर बाहेर ये.
आणि खांबांना कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. लाटेने एकदा खांबाला घासला की पोटरी सोलून निघते, लीश (पायाला बांधलेली बोर्डची दोरी) खांबाला अडकली तर ते वेगळंच. पन्नास-साठ मीटर तरी लांब राहा, लाट कितीही भारी दिसू दे.
पाऊस लागला की हा सगळा वाळूचा हिशोब बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची जागा यावर्षी तिथेच असेल असं धरू नको.

रापणकाराचो_झील:
अरे बाबा, काका लोक उगीच नाय बोंबलत. तू गरीच्या दोरीवरसून गेलंस तर त्यांचो मासो जाता आणि तुझ्या कानात गरी जाता, दोघांचाय नुकसान 😄
सीरियसली सांगतो, आमच्या घरी रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. रापण ओढायला लागली की दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि मधलं सगळं पाणी जाळ्याचं, तिथे बोर्ड घेऊन घुसायचं नाही म्हणजे नाही, चाळीस माणसांच्या मेहनतीवर तू तरंगणार का? जाळं किनाऱ्याला लागलं की मग काय हवं ते कर. पाण्यावर बोये रांगेत दिसले की समज खाली जाळं आहे. होड्या आत-बाहेर करतात ती वाट पण मोकळी ठेव, फेसात तुझं डोकं तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, दिसत नाही. सकाळी जेट्टीवर जाऊन आधी विचार, आज कुठल्या बाजूला गळ टाकताय. चहा पाजलास तर पाणी कुठे खोल ते पण सांगतील, तुमच्या ॲपमध्ये ते नसतं.

खारा_वारा:
+१. आणि पोरापोरांत पण नियम असतो, लाट जिथे आधी फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट. समोरून मध्येच उतरायचं नाही.

दर्याकिनारी:
वेळेचं सांगतो. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, त्याने लाट उभी आणि साफ राहते. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की नुसती खिचडी. आता भरती. जुना हिशोब, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. आपल्याकडे तास-अर्धा तास मागेपुढे होतं, तक्ता बघूनच घे. एकादशी-द्वादशीला पहाटेपासून भरती चढत असते, शिकणाऱ्याला ते बरं. पुनव-अवसेला उधाण, ओढ जास्त, ते दिवस सोड.
मे अखेरीस दक्षिणेकडून मोठी लाट येते, वर वारा नसताना सुद्धा. इन्कॉइसचा (समुद्राचे इशारे देणारी सरकारी संस्था) इशारा बघितल्याशिवाय उतरू नको. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते म्हणून जेट्टी रिकामी दिसेल, त्याला भुलू नको, त्या दिवसात पाणी सर्फिंगचं नसतंच.

पुणेरी_बोर्ड:
एवढं सगळं कोर्समध्ये पण नव्हतं सांगितलं 🙏 द्वादशी बघूनच तिकीट काढतो. एक राहिलं, गरी खरंच घुसली तर काय करायचं? आणि पाकट, ते शेपटीला काटा असलेले चपटे मासे, असतात का उथळ पाण्यात?

रापणकाराचो_झील:
गरीला उलटा काटा असतो, ओढून काढायची नाही, मांस फाटतं. दोरी कापायची आणि सरळ डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. पाकट असतात, वाळूत पाय उचलून टाकू नको, घासत घासत चाल म्हणजे ती आधीच पळते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेव आणि दवाखाना गाठ.
बोर्ड एसटीत घेणार नाहीत हां, मामाला टेम्पो बघायला सांग.