तिसऱ्यांवरचा निबंध, आठवड्यात छापणारं जर्नल आणि सरांचं नाव

खाडीकाठची (सिंधुदुर्ग)

नमस्कार. मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांची (म्हणजे खायच्या शिंपल्यांची) वाढ आणि पाण्याची क्षारता यांचा संबंध काय, यावर काम केलंय. मोजमापं सगळी माझ्या हातची. ओहोटीची वेळ बघून बायकांबरोबर चिखलात उतरायचं, त्या टोपल्या भरतायत तोवर मी व्हर्नियरने मापं घ्यायची. निबंध आता लिहून तयार आहे.

विभागातले वरिष्ठ सर म्हणतात, "एका ओळखीच्या जर्नलला देऊ. अडीच हजार भरले की आठवड्यात छापून, प्रमाणपत्रासकट हातात. फक्त माझं नाव घाल, आणि प्राचार्यांचंही. सगळीकडे असंच चालतं." माझी पदोन्नतीची फाईल जूनमध्ये जायची आहे. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, अडीअडचणीला रजा कधी नाकारली नाही. त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची केअर यादी तर बंद झाली. मग खरं जर्नल ओळखायचं कसं? आणि नावांचं काय करू? ज्या बायकांनी मला तिसऱ्यांच्या जागा दाखवल्या, त्यांचं नाव कुठेच नाही आणि ज्यांनी खाडीत पाय घातला नाही त्यांचं पहिल्या पानावर, हे मनाला पटत नाही.

निवृत्त_मास्तर (गुहागर)

ताई, आधी नावांचं बोलतो. जर्नल दुसरं मिळतं, पण छापलेलं नाव सहजासहजी मागे घेता येत नाही.

लेखक कोणाला म्हणायचं याचे नियम आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या, त्या आता इतर शास्त्रांतही मानतात. कामाची आखणी, मोजमापं किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा हवा. लिखाणात किंवा त्याच्या कसून दुरुस्तीत हात हवा. छापायच्या अंतिम मजकुराला संमती हवी. आणि उद्या कोणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारी घ्यायला हवी. चारही लागतात. विभागप्रमुख असणं, प्रयोगशाळा वापरू देणं, निधी मिळवून देणं, एवढ्यावर कोणी लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे, आणि मनापासून मानायचे. प्राचार्यांची जागा तीच.

हिशेबही बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात शास्त्र शाखेच्या एका निबंधाला मूळ ८ गुण आहेत. तुमचं एकटीचं नाव असेल तर ते सगळे तुमचे. तीन नावं झाली की मुख्य लेखकाला ७० टक्के, म्हणजे ५.६, आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ३० टक्के. चिखलात उभं राहायचं तुम्ही आणि गुण वाटायचे घरी बसलेल्यांना! मला याचा खरोखर राग येतो. हुशार मुलामुलींची पहिली कामं अशी वाटली जाताना मी नोकरीभर बघितली आहेत.

नाही कसं म्हणायचं? बरीच चांगली जर्नलं आता प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते लिहून मागतात. तो फॉर्म सरांपुढे ठेवा आणि विचारा, "सर, तुमच्या नावापुढे काय लिहू?" यात उर्मटपणा काही नाही. त्यांना खरंच सामील व्हायचं असेल तर दार उघडं ठेवा. संख्याशास्त्राचा भाग त्यांनी स्वतः बसून पुन्हा करावा, चर्चेचा भाग तुमच्याबरोबर घासून लिहावा. तेवढं केलं तर नाव हक्काचं, मग मीही काही बोलणार नाही.

आता जर्नल. आठवड्यात छापतो म्हणणारा निबंध वाचत नाही, ही खूणगाठ बांधा. विषय जाणणारे दोन परीक्षक शोधायचे, त्यांनी सवड काढून वाचायचं, शेरे लिहायचे, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, याला महिने लागतात. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' या नामांकित जर्नलसाठी एक बनावट निबंध रचला. दगडफुलातला कुठलासा रेणू कर्करोगावर चालतो, असा. चुका अशा ढळढळीत की नीट वाचणाऱ्याच्या लगेच नजरेत याव्यात. तो ३०४ मुक्त (कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना गेला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यात आपल्या देशातली पुष्कळ होती, हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

परीक्षण म्हणजे काय, ते माझ्याकडे आलेल्या एका निबंधावरून सांगतो. कोकणातल्याच खाडीचा अभ्यास होता आणि तक्त्यात जुलैची क्षारता मेपेक्षा जास्त! मुसळधार पावसात डोंगरातलं गोडं पाणी खाडीत लोटतं, क्षारता धाडकन उतरते, हे काठावरच्या पोराला कळतं. संपादकांना कळवलं, त्यांनी मूळ नोंदवह्या मागवल्या. त्या कधीच आल्या नाहीत आणि निबंध तिथेच थांबला. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्याकडे गेला असता तर आज तो कोणाच्या तरी संदर्भसूचीत असता.

आणि संदर्भाला जीव असतो, ताई. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं, म्हणजे साठा न संपवता मासेमारी होते याचं, प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, लहान तिसऱ्या काढायच्या नाहीत, असे नियम तिथे आहेत. त्यामागे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मोजमापं आहेत. उद्या तुमच्या खाडीत गाळ उपसायचा किंवा जेटी बांधायची ठरली, तर अहवाल लिहिणारा तुमचाच निबंध उघडेल. तो कोणीही न वाचता छापलेला असेल तर समोरचा वकील एका प्रश्नात उडवून लावेल आणि नुकसान त्या टोपलीवाल्या बायकांचं होईल.

ग्रंथपाल_मालवण

मास्तरांशी सहमत. यादीबद्दल थोडं सांगते. आयोगाच्या जुन्या मान्य यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एकदम काढावी लागली. मग केअर यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर झालं आणि सुचवलेल्या निकषांवरून संस्थांनीच पारख करावी असं ठरलं. म्हणजे आता खरी जबाबदारी आपल्यावर.

माझ्याकडे कोणी विचारायला आलं की मी आधी संपादक मंडळातल्या एखाद्याला, तो जिथे शिकवतो त्या विद्यापीठाच्या पत्त्यावर, ईमेल करायला सांगते. 'आपण या मंडळात आहात का?' कित्येकांना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसतं. आयएसएसएन दाखवून भुलवतात, पण तो नुसता ओळख क्रमांक आहे. गाडीला नंबर मिळाला म्हणून तिचे ब्रेक कोणी तपासले असं होत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट कंपनी काढते. भलत्याच नावाच्या संस्थेचा 'ग्लोबल' फॅक्टर दाखवला की तो टॅब बंद करा. स्कोपसमध्ये (निवडक जर्नलांची मोठी ऑनलाइन सूची) आहे म्हणत असतील तर स्कोपसच्या स्वतःच्या साईटवर शोधा, जर्नलच्या पानावरच्या चिन्हावर जाऊ नका. शुल्क घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं, पण ते किती आणि कशाचं हे आधी उघड लिहिलेलं हवं.

मोठ्या प्रकाशकाचं नाव बघूनही गाफील राहू नका. वायलीने हिंदावीची जर्नलं विकत घेतली आणि २०२३ मध्ये त्यातले ८,००० पेक्षा जास्त निबंध मागे घ्यावे लागले. विशेषांकांत परीक्षणच बनावट निघालं होतं.

आणि पीएच.डी.वाल्यांसाठी: प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२च्या नियमावलीत काढली. तरी मुलं घाबरून पैसे भरतात. आधी आपल्या विद्यापीठाचा नियम वाचा.

रापणकार

माजी आवस खाडीत तिसरे काढता. शाळा-कॉलेजातली माणसा येतत, विचारतत, फोटो काढतत आणि जातत. मागसून काय झाला ता कोण सांगणा नाय. तुमी त्या बायकांचा नाव घालूचा म्हणतास, ह्या वाचून बरा वाटला. पण घालूच्या आधी त्यांका विचारा हां. काय जणींका नको आसता, जागो सगळ्यांका कळतलो म्हणान.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. रापणकार, जागांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नकाशात नेमके अक्षांश-रेखांश दिलेत, ते त्यांना दाखवून मगच ठेवायचं की काढायचं ते ठरवते. त्यांच्यातली एक मुलगी बारावी झालेली आहे. मी परीक्षेच्या कामात अडकले की क्षारतामापक घेऊन तीच नोंदी करायची, तारीख-वेळेसकट. तिचे फक्त आभार मानणं पुरेसं आहे का? आणि मास्तर, पाठवू कुठे?

निवृत्त_मास्तर

ती नियमित नोंदी करत होती, तर पहिली अट तिने पूर्ण केली. मग लिखाणात भाग घ्यायची संधी तिला द्यायलाच हवी, नियमच तसा आहे. निबंध मराठीत वाचून दाखवा, तक्ते तिच्याकडून तपासून घ्या, तिला काय खटकतं ते विचारा आणि त्याप्रमाणे दुरुस्त करा. मजकूर मान्य असेल आणि जबाबदारी घ्यायला तयार असेल तर तिचं नाव दुसरं लागेल. पदवी ही अट कुठेच नाही. बाकीच्या बायकांचे, त्यांना चालेल तर, नावानिशी आभार.

पाठवायचं म्हणाल तर तुमच्या संदर्भांत जी जर्नलं पुन्हा पुन्हा आली आहेत त्यांत आधी बघा. कोचीच्या त्याच संस्थेचं 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' १९५४पासून निघतं, तुमचा विषय त्यात बसतो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, दोन ठिकाणी पाठवणं हाही गैरप्रकारच. जूनपर्यंत छापून येणार नाही, हे सरांना आजच सांगून टाका. आणि मूळ वह्या जपून ठेवा, तिच्या अक्षरातल्या नोंदींसकट. संपादक मागू शकतात.