डी-डायमर 610 असताना सीटी नको आणि 430 असताना हवा, असे का?

गोदाकाठ, पंचवटी:
नागपूरहून रात्रभर बसने आल्यानंतर दोन दिवसांनी माझ्या वडिलांना (वय 66) जिना चढताना धाप लागू लागली. गंगापूर रोडवरील डॉक्टरांनी तपासून, ईसीजी पाहून, फुफ्फुसात रक्ताची गुठळी असण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले आणि डी-डायमर ही रक्ततपासणी करायला लावले. अहवालात 610 हा आकडा ठळक छापला आहे, शेजारी मर्यादा 500. तरीही ते छातीचा सीटी स्कॅन नको म्हणतात. मागच्या महिन्यात मामींचा (वय 58) आकडा दुसऱ्या लॅबमध्ये 430 आला, तेव्हा मात्र त्यांना त्याच दिवशी सीटीला पाठवले होते. कोणाचे बरोबर समजायचे?

सूक्ष्मदर्शक, नाशिक रोड:
दोन्ही अहवालांवरील एकक आधी पाहा. मी लॅबमध्येच काम करतो. आकडा सगळे वाचतात, एकक कोणी वाचत नाही. हीच तपासणी काही ठिकाणी एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या हिशेबातले एकक) तर काही ठिकाणी डीडीयूमध्ये (थेट डी-डायमरच्या हिशेबातले एकक) दिली जाते आणि एफईयूमधील आकडा साधारण दुप्पट असतो, त्यामुळे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये पहिल्याची मर्यादा 500 असेल, तर दुसऱ्याची 250 च्या आसपास असते.

स्टेथोस्कोप:
वडिलांचे एकक एफईयू असेल, तर पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरतात. म्हणजे 660, आणि 610 त्याच्या आत आहे. मात्र ही सवलत डॉक्टरांच्या तपासणीत शक्यता कमी किंवा मध्यम ठरली असेल तरच लागू होते. शक्यता जास्त असल्यास डी-डायमर कितीही कमी आला तरी त्यावर विसंबत नाहीत, थेट सीटी करतात. डी-डायमर म्हणजे गुठळीतील फायब्रिन हे प्रथिन विरघळताना सुटणारा तुकडा. तो न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग अशा अनेक कारणांनी रक्तात वाढतो, म्हणून तो गुठळी नाही हे सांगायला उपयोगी, आहे हे सिद्ध करायला नव्हे. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या हृदयाशी संबंधित रक्ततपासण्यांवरूनही गुठळी सिद्ध होत नाही: गुठळी सापडल्यानंतर हृदयाच्या उजव्या बाजूवर किती ताण आला आहे, हे त्यांवरून कळते, निदान त्यांवरून होत नाही.

गोदाकाठ, पंचवटी:
मामींचा कागद मागवून पाहिला. खाली बारीक अक्षरांत डीडीयू, मर्यादा 250. वडिलांचा एफईयू आहे. पण मग धाप कशाची?

स्टेथोस्कोप:
म्हणजे मामींचा आकडा एफईयूच्या हिशेबाने 860 च्या घरात जातो. 58 वयाला मर्यादा 580. सीटीला पाठवणे योग्यच होते. वडिलांची धाप आहेच, तिचे कारण शोधायला हवे. हिमोग्लोबिन पाहिले का? छातीत दुखणे, चक्कर, एका पायाला सूज किंवा खोकल्यातून रक्त, यांपैकी काही दिसले किंवा धाप वाढली, तर हा अहवाल बाजूला ठेवून तातडीने रुग्णालयात न्यावे.

गोदाकाठ, पंचवटी:
सीबीसी (हिमोग्लोबिनही दाखवणारी रक्तपेशींची तपासणी) त्याच चिठ्ठीवर लिहिलेला होता. डी-डायमरच्या धास्तीत तो करायचाच राहिला. उद्या सकाळी वडिलांना घेऊन लॅबमध्ये जातो.