‘घरचं समजून करतो’ : सोलापूरच्या घराचं काम

प्रेषक: जुळे सोलापूरकर, सध्या एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

मंडळी, नमस्कार.

जुळे सोलापुरात वडिलांच्या वेळचं घर आहे. वर एक मजला चढवायचाय. तिघांचे भाव आलेत. सगळ्यात कमी भाववाला फोनवर सगळ्यात गोड बोलतो. “काय टेन्शन घेऊ नका सर, घरचं समजून करतो की.” आईला तो फार आवडलाय. मला त्या ‘घरचं समजून’चीच धास्ती वाटते. तिकडे कुणी अलीकडे काम करून घेतलंय का? इथून माणूस पारखायचा कसा?

उत्तर: होटगी रोडची सून

दादा, ‘घरचं समजून’ आम्हीही ऐकलं होतं. नाव लिहीत नाही, माणूस अजून तिथेच कामं घेतो.

आमचा स्लॅब टाकला एप्रिलात. पारा चाळिशीच्या वर, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला काय सांगायचं! करारात एक ओळ होती, ‘पाणी मालकाचे’. आम्ही ती वाचून हसून सोडून दिली होती. मग टँकर कुणी मागवायचा यावरून सासरे आणि मिस्त्री एकमेकांकडे बघत बसले. अशा उन्हात सिमेंट पक्कं व्हायला स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून दहा दिवस तरी पाणी तुंबवून ठेवायला हवं, चौदा झाले तर उत्तम. आमचा चौथ्या दिवशी कोरडाठक्क. मी रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळी सातला, व्हिडिओ कॉल करायची तेव्हा गोणपाट मात्र ओलंचिंब दिसायचं. कॉलच्या आधी एक बादली ओतायचे, हे शेजारच्या काकूंनी पुढे सहा महिन्यांनी सांगितलं. पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताला ओल धरली.

मागच्या खोल्यांचं काम निघालं तेव्हा मी भाव देणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला एकच सांगितलं : तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन घरांचे पत्ते द्या, नुकतं झालेलं नको. रंग ताजा असला की सगळीच घरं देखणी. काळ्या मातीवरच्या घराला दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे जावे लागतात. माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाया वरच्यावर उरकलेला असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. नणंदबाई जाऊन आल्या. रुपयाच्या नाण्याने गिलावा ठोकून बघितला, एका घरात निम्म्या भिंतीचा आवाज बद्द, म्हणजे गिलावा आतून सुटलेला. घरमालकिणीला मात्र त्यांनी दोनच प्रश्न विचारले : स्लॅबला पाणी कुणी मारलं, आणि तक्रार केल्यावर हा माणूस आला का?

ज्याला काम दिलं तो तिघांत महाग आणि तोंडाने फाटका. पहिल्या भेटीत म्हणाला, “खड्डा घेऊन बघू द्या, मुरूम कुठं लागतोय ते कळल्याशिवाय पायाचा भाव सांगत नसतो.” मुरूम म्हणजे काळ्या मातीखालचा कठीण थर. तुमच्या आई असत्या तर हाकलून दिलं असतं त्याला.

उत्तर: बांधकाम खात्यातून निवृत्त काका

चिरंजीव, सूनबाईंचं सगळं बरोबर. पण तुमचा पहिला प्रश्न कंत्राटदाराचा नाहीच. खालचं घर वरचा मजला पेलेल का? कॉलमवर आहे की नुसत्या भिंतींवर? हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ज्याला काम हवंय त्याला नको. महापालिकेची परवानगीही त्यानंतरच.

तीन भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. एक जण जिना आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) धरतो, दुसरा सोडतो. कुणी फक्त मजुरीचा भाव देतो, कुणी मालासकट. इंजिनिअरकडून एक यादी करून घ्या आणि तिघांनाही तीच द्या. पाणी, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू), राडारोडा उचलणं, सगळं कुणाकडे ते त्यात लिहा. हप्ते तारखेवर ठेवू नका, झालेल्या कामावर ठेवा. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात राहू देत. यावर जो कटकट करतो त्याची पारख तिथेच झाली. सळई वजन करून घ्या : 12 मिमीची 12 मीटर लांब कांब साधारण साडेदहा किलोच्या वर भरते.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, भरवशावर बसू नका. ते बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठी. स्वतःच्या जागेवर कंत्राटदार लावला की दाद ग्राहक आयोगाकडे, तीही दोन वर्षांच्या आत. म्हणून रोखीने देणं टाळा, पावत्या जपा.

उत्तर: जुळे सोलापूरकर

काका, काल त्या गोड माणसाला विचारलं, खालचे कॉलम बघितलेत का? “काही होत नाही सर,” म्हणाला. आईला अजून सांगितलेलं नाही. इंजिनिअर शनिवारी घर बघायला येतोय.

ताई, त्या फाटक्या तोंडाच्या माणसाचा नंबर मला वेगळ्या मेलवर पाठवा. आणि सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला कुणी जाणार असेल तर माझी दोन किलो शेंगा चटणी धरा.