मदत हवी आहे: गोल्फचा एकच राउंड, ओल्ड कोर्स की नॉर्थ बेरिक?

जूनमध्ये एडिनबराला कामानिमित्त जातोय. गोल्फसाठी एकच दिवस मिळेल, गुरुवार, त्यामुळे सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो ही अडचण नाही. आम्ही दोघे आहोत, माझं हँडिकॅप १८, म्हणजे मी साधारण खेळाडू.

सेंट अँड्रूजचं नाव लहानपणापासून मनात आहे. पण मला कोर्स 'पाहायचा' नाही, शॉट खेळायचे आहेत: वाऱ्याखालून जाणारा पंच (कमी उंचीचा फटका), ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडे टेकवून घरंगळत नेलेला चेंडू. नॉर्थ बेरिकच्या कोर्सचा पंधरावा होल, रेडान, मला त्यासाठीच खुणावतो. ग्रीन पुढून मागे, डावीकडे उतरतं. तेरावाही, ग्रीनपुढे दगडी भिंत असलेला.

दोन महिने पुण्यात सात नंबर आयर्नने, चेंडू मागच्या पायाशी ठेवून सराव करतोय. उंची आटोक्यात आली, पण इथल्या मऊ गवतात चेंडू टेकतो तिथेच धप्प थांबतो. पुढे किती पळेल याचा अंदाजच बसत नाही. ओल्ड कोर्सचा बॅलट (खेळण्याच्या वेळेसाठीची सोडत) लागेलच याची खात्री नाही, तेही लक्षात घ्या.

दोन्हीकडे खेळलेल्यांनी सांगा: ड्रॉ (उजव्या हाताने खेळताना हवेत डावीकडे वळणारा फटका) न येणाऱ्याला रेडानवर उजवीकडे अलीकडे टेकवून चेंडू उतारानं पिनकडे (होलमधल्या झेंड्याकडे) नेता येतो का? आणि माझ्यासारख्याला असे शॉट जास्त कुठे खेळायला मिळतील?